‘वेल्ड मेटल’साठी ‘भर’ की ‘वितळधातू’?

अनुवादक, राजारामपुरी : शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यासाठी वेल्डिंगच्या खर्चाचा अंदाज काढण्याची पुस्तिका मी मराठीत आणत आहे. ‘वेल्ड मेटल’ म्हणजे वेल्डिंग करताना वितळून सांध्यात बसणारा धातू, त्यासाठी मी ‘भर’ हा शब्द योजला होता. तपासणाऱ्या अभियंत्यांनी तो खोडून ‘वितळधातू’ असे केले. कोणता शब्द ठेवावा?

फॅब्रिकेटर, उद्यमनगर : ‘वितळधातू’ वाचून आमचा कारागीर फौंड्रीतल्या रसाचा विचार करील. ‘भर’च ठेवा, मात्र भर आणि रॉड, म्हणजे जी वितळवून भर घालतात ती कांडी, यांची गल्लत होऊ देऊ नका. विकत आणलेल्या रॉडच्या वजनातून थोटके, उडालेले थेंब आणि स्लॅग (वेल्डवर साचणारी मळी) वजा जाता ढोबळमानाने 60 ते 65 टक्केच धातू सांध्यात बसतो, म्हणजे एक किलो भरीसाठी सुमारे 1.6 किलो रॉड लागतात.

निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ : ‘झाळणे’ हे क्रियापद मराठीत असताना ‘झाळ’ का नको? ‘डागडुजी’तला ‘डाग’ही, माझ्या मते, भांड्याला दिलेल्या डागाचाच असावा. आपल्याकडचे शब्द अडगळीत टाकायचे आणि नवे घडवत बसायचे, ही खोड जुनीच आहे.

फॅब्रिकेटर, उद्यमनगर : सर, झाळताना मूळ पत्रा वितळत नाही, फक्त वरून घातलेला धातू वितळतो, वेल्डिंगमध्ये दोन्ही वितळून एकजीव होतात. शब्द सुंदर आहे, पण क्रिया वेगळी आहे.

ड्रॉइंग तपासनीस, गोकुळ शिरगाव : याहून घातक शब्द त्या पुस्तिकेत असणार, तो म्हणजे ‘जाडी’. फिलेट म्हणजे काटकोनात जोडलेल्या दोन पत्र्यांच्या कोपऱ्यातला त्रिकोणी वेल्ड. ‘6 मिलिमीटर जाडीचा फिलेट’ असे लिहिले, तर तो आकडा पायाचा, म्हणजे पत्र्याला टेकलेल्या बाजूचा, समजायचा की गळ्याचा, म्हणजे कोपऱ्यापासून वेल्डच्या दर्शनी भागापर्यंतच्या सर्वांत कमी अंतराचा? पाय 6 असेल तर काटछेद 18 चौरस मिलिमीटर येतो आणि पोलादाची घनता घन सेंटिमीटरला 7.85 ग्रॅम धरता मीटरमागे सुमारे 141 ग्रॅम भर लागते. तोच 6 हा आकडा गळ्याचा असेल तर पाय साधारण 8.5 होतो आणि भर थेट दुप्पट, सुमारे 283 ग्रॅम लागते. युरोपीय ड्रॉइंगवर आकड्याआधी ‘ए’ असेल तर गळा आणि ‘झेड’ असेल तर पाय, एवढे तरी स्पष्ट असते.

निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ : त्रिकोणाला पाय कुठून आले? भूमितीत त्याला ‘भुजा’ म्हणतात.

ड्रॉइंग तपासनीस, गोकुळ शिरगाव : भुजा तीन असतात, सर, आणि तिसरी भुजा म्हणजे वेल्डचा दर्शनी भाग. ‘पाय’ म्हटले की पत्र्यांना टेकलेल्या दोनच बाजू उरतात.

फॅब्रिकेटर, उद्यमनगर : तो दर्शनी भाग सपाट असतो, हेही कागदावरच. प्रत्यक्षात फुगवटा येतोच, म्हणून मी त्या 141 ग्रॅमवर आणखी दहा टक्के चढवतो आणि मगच रॉडचा हिशोब करतो.

निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ : ‘फुगवटा’ मान्य. ‘पाय’ मात्र मान्य नाही.