मामांच्या डिझेल गाडीचा हवेचा सेन्सर पुन्हा गेला

प्रेषक: भाचा, सध्या मुक्काम नागपूर

मंडळी, नमस्कार. सुटीवर घरी आलोय आणि आल्या आल्या मामांनी कामाला लावलंय. त्यांची जुनी फोर बाय फोर आहे, अडीच लिटर, चार सिलिंडर, टर्बो डिझेल. उमरेड रोडच्या पुढे शेती आहे, गाडी तिथेच राबते. तिचा एअर फ्लो सेन्सर (इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा, एमएएफ) सारखा जातो. उन्हाळ्यात पिकअप गेला म्हणून बदलला, पावसाळ्यानंतर पुन्हा बदलला, आता परत चेक इंजिनचा दिवा. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, "एमएएफचा कोड आहे" म्हणतो आणि नवा बसवतो. नवा बसला की काही दिवस गाडी छान.

मामांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत: "सेन्सर जाते, हे समजलं. पण जाते काहून, हे सांगा ना राजेहो!"

आता रात्री रानडुकरं हाकलायला शेतात जातात तेव्हा काळा धूर फेकते. मागून ट्रॅक्टरवर येणाऱ्या गड्याने सांगितलं. मंडळात गाड्यांमधलं कळणारे बरेच आहेत, म्हणून विचारतोय.

प्रेषक: एक सदस्य, जर्मनी

सरळ सेन्सरचा कपलर (वायरींचा जोड) काढून ठेव. माझ्या जुन्या गाडीत मी तेच केलं होतं, पळत होती मस्त.

प्रेषक: सूचीपाल (मंडळाची मेलयादी सांभाळणारे)

कृपया विषयाची ओळ बदलून लिहा. हा सगळा धागा संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या मेलखाली चाललाय. वाण काय आणायचं असं विचारणाऱ्यांना एअर फिल्टरची उत्तरं जातायत.

प्रेषक: नाना, मिशिगन

भाच्या, तुझ्या मेलमधली एक गोष्ट तुझ्या गॅरेजवाल्याच्या लक्षात आलेली दिसत नाही. उन्हाळ्यात पिकअप गेला होता. आता काळा धूर येतोय. हे दोन वेगळे आजार आहेत, स्कॅनरवर कोड एकच आला म्हणून औषधही एकच दिलं जातंय.

डिझेलमध्ये हा सेन्सर काय करतो ते आधी बघ. नळीत एक बारीक गरम पापुद्रा असतो. हवा त्याच्यावरून जाते, त्याला गार करते, त्यावरून किती ग्रॅम हवा गेली ते कळतं. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हा आकडा दोन कामांना वापरतो: ईजीआर व्हॉल्व्ह (जळलेला धूर थोडा परत इंजिनात सोडणारा) किती उघडायचा आणि धूर होऊ न देता जास्तीत जास्त डिझेल किती सोडायचं. आकडा खऱ्यापेक्षा कमी आला, तर डिझेल आखडतं घेतलं जातं. गाडी मेल्यासारखी चालते, पण धूर नसतो. आकडा जास्त आला, तर नसलेल्या हवेच्या भरवशावर डिझेल सुटतं आणि ते काळं होऊन मागून निघतं. (ईजीआर उघडा अडकला तरी काळा धूर येतो, म्हणून तोही बघायचा आहेच.)

जर्मनीवाल्यांचा उपाय तपासणीपुरता ठीक आहे, कायमचा नाही. कपलर काढला की ईसीएम ठोकळ आकडा धरतो आणि बहुतेक गाड्यांत ईजीआरही बंद करतो. त्यामुळे गाडी सुधारली तर दोष सेन्सरचा की ईजीआरचा, ते कळतच नाही. या एका चाचणीवर जगभर चांगले सेन्सर कचऱ्यात गेलेत.

आता कामाचं. जुने सेन्सर फेकले नसतील तर शोधून आण. टॉर्च लावून आत बघ, पापुद्र्यावर राखाडी-तपकिरी थर आहे का. बोट किंवा इअरबड लावू नकोस, तो काही मायक्रॉन जाडीचा असतो.

मग आकडे. स्कॅनरवर हवा मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक (सिलिंडर एकदा भरताना किती हवा आत गेली) बघ, इंजिन गरम, आयडलवर, ईजीआर बंद. किती यायला हवं, ते कागदावर काढता येतं. एका सिलिंडरचे ६२५ सीसी. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास, आत्ता दुपारी २० डिग्री धरली तर एक लिटर हवा साधारण १.१६ ग्रॅम भरते. सिलिंडर ८५ टक्के भरतो असं धर, म्हणजे ६०० मिलिग्रॅमच्या आसपास. मे महिन्यात ४५ डिग्रीत तोच आकडा ५७० च्या खाली येईल, आणि इथे जानेवारीत उणे १० ला ७०० च्या जवळ जाईल. पाच-दहा टक्के इकडेतिकडे चालतं. पण ४३० दिसले, तर सेन्सर कमी सांगतोय किंवा ईजीआर बंदच होत नाहीये.

शेवटी मल्टिमीटर. पाच पिनांचा हॉट फिल्म (गरम पापुद्र्याचा) सेन्सर असेल तर चाबी ऑन, इंजिन बंद अशा स्थितीत सिग्नलच्या पिनवर १ व्होल्टच्या अगदी जवळ दिसायला हवं. कपलर जोडलेलाच ठेव, मागून टाचणी घालून मोज. हे दोनदा मोजायचं: एकदा सेन्सरच्याच अर्थच्या पिनेला धरून, एकदा बॅटरीच्या निगेटिव्हला धरून. आणि एक सांग, डुकरं हाकलायला लाइट कसले लावलेत?

प्रेषक: भाचा

नाना, लाइटचं तुम्हाला कसं सुचलं? छतावर २४० वॉटचा लाइट बार आहे, पाऊस संपल्यावर बसवला. सगळं लिहितो.

गॅरेजमध्ये एका खोक्यात दोन जुने सेन्सर मिळाले. उन्हाळ्यातला मातीने भरलेला, पापुद्र्यावर चिकट तपकिरी थर. पावसाळ्यानंतर काढलेला मात्र लख्ख.

एअर बॉक्स उघडला. झाकणाची एक क्लिप तुटलेली, तिथे बायंडिंग वायर पिळून ठेवलीय. फिल्टरच्या पुढच्या बाजूला, जिथे स्वच्छ हवा असायला हवी, बोट फिरवलं तर टाल्कम पावडरसारखी काळसर धूळ. रस्ता काळ्या मातीचा, वर कोळशाच्या ट्रकांची रहदारी. फिल्टर उजेडात धरला तर दोन घड्यांमधून सरळ प्रकाश दिसला. दर खेपेला कॉम्प्रेसरने जोरात हवा मारून साफ करतात तो.

ईजीआर बंद असताना आयडलला ५९०, उघडला की खाली येतो. म्हणजे आत्ता गाडीत असलेला सेन्सर ठीक वाटतो.

व्होल्टेज: सेन्सरच्या स्वतःच्या अर्थला धरून १.०. बॅटरीच्या निगेटिव्हला धरूनही १.०. मग लाइट बार लावला. स्वतःच्या अर्थला १.० तसाच, बॅटरीला धरून १.३! इलेक्ट्रिशियनला दाखवलं, त्याने मीटर बीपवर (वायर जोडलेली आहे का ते सांगणारा) लावला, बीप वाजला, म्हणाला "अर्थ बराबर हाय भाऊ."

प्रेषक: नाना, मिशिगन

बीप वाजणारच. २४० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर २० अँपिअर. ०.३ व्होल्ट खायला १५ मिलिओहम पुरतात. साध्या मीटरच्या दोन वायरींचाच रेझिस्टन्स त्याहून जास्त असतो, त्याला तो काय दिसणार! म्हणून अर्थ कधी ओहममध्ये तपासायचा नाही. लोड चालू ठेवून, दोन टोकांमधले व्होल्ट मोजायचे.

लाइट बारची काळी वायर कुठल्या बोल्टला बांधलीय ते शोध. माझा अंदाज, ज्या बोल्टला सेन्सरच्या हार्नेसचा अर्थ आहे, त्यालाच. सेन्सर बिचारा खरं सांगतोय, पण त्याच्या पायाखालची जमीनच ०.३ ने वर उचलली जाते. ईसीएम ते आपल्या अर्थच्या हिशोबाने वाचतो, व्होल्ट जास्त म्हणजे हवा जास्त असं धरून चालतो. दिवसा गाडी चांगली, रात्री धूर, आणि लख्ख सेन्सर खोक्यात.

उन्हाळ्यातल्या सेन्सरचा खून मात्र खरा आहे, तो धुळीने केला. तो थर म्हणजे पापुद्र्यावर पांघरलेली गोधडी. हवा त्याला गार करू शकत नाही, म्हणून आकडा कमी येतो. जोरात मारलेल्या हवेने कागदाला भोकं पडली आणि झाकणाच्या फटीतून उरलीसुरली आत गेली. हीच धूळ टर्बोच्या पात्यांवर आणि सिलिंडरमध्येही जातेय, त्यापुढे सेन्सरची किंमत काहीच नाही. झाकण किंवा क्लिप आधी बदल. नवा फिल्टर बसवताना त्याच्या रबरी कडेला ग्रीसचा अगदी पातळ हात फिरव. आठवड्याने उघडलास की फट असेल तिथे ग्रीसवर धुळीची रेघ उमटलेली असेल. आणि कोणी तेल लावायचा कापडी फिल्टर सुचवला तर नको म्हण, जास्त झालेलं तेल नेमकं त्या पापुद्र्यावर जाऊन बसतं.

प्रेषक: भाचा

बोल्ट तोच! डाव्या मडगार्डच्या आतला. खाली रंग तसाच, वरून गंज. लाइट बारची वायर आता फ्यूज आणि रिलेसकट थेट बॅटरीवर नेली, बोल्टची जागा पत्रा दिसेपर्यंत घासली. आता लाइट लावल्यावर फरक ०.०२. काल रात्री मामांच्या मागे मी स्वतः ट्रॅक्टरवर होतो, धूर नाही. मामा इलेक्ट्रिशियनला म्हणाले, "तुया बीपवर चार महिने फिरून राहिलो मी!"

एअर बॉक्सचं झाकण कॉटन मार्केटच्या बाजूला एका दुकानात जुनं मिळालं, चारही क्लिपा शाबूत. दोन्ही जुन्या सेन्सरचं काय करू?

प्रेषक: नाना, मिशिगन

लख्ख असलेला कापडात गुंडाळून गाडीत ठेव, स्पेअर झाला. मळलेल्यावर एमएएफ क्लीनरचा स्प्रे लांबून मार, पूर्ण वाळू दे आणि आयडलचा आकडा बघ. कार्बोरेटर क्लीनर किंवा ब्रेक क्लीनर वापरू नकोस. आकडा ६०० च्या जवळ आला तरी त्यावर लगेच विश्वास ठेवू नकोस, मळलेला सेन्सर आयडलला शहाण्यासारखा वागतो आणि चढावर लोड आला की खोटं बोलतो. रामटेकच्या गडाच्या चढावर स्कॅनर लावून दोन्ही सेन्सरचे आकडे घे, एकच गिअर, एकच आरपीएम.

जाता जाता टर्बोच्या तोंडाचा होजपाइप काढून आत किती तेल आहे तेही बघून लिही. ब्रीदरचं (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीचं) तेल तिथून मागे येत असेल, तर धुळीला चिकटायला तेच मिळतंय.