लेख ‘सेव्ह’ केला, म्हणजे नेमकं काय केलं? जतन, नोंद, संच, खूण

विचारणा

इतिहासाच्या एम. ए. आणि पीएच. डी.च्या मुलांसाठी एक मराठी माहितीपत्रक लिहितेय. जेस्टोरसारख्या ऑनलाइन ग्रंथालयात सापडलेले संशोधनलेख ठेवायचे कसे, लावायचे कसे आणि प्रबंध लिहिताना त्यांचे संदर्भ काढायचे कसे, एवढाच विषय. जेस्टोरवर स्वतःचं खातं उघडलं की ‘वर्कस्पेस’ नावाची जागा मिळते. तिथे लेख ठेवता येतात, फोल्डर करता येतात, लेखाला टीप जोडता येते. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तेच आणखी ऐसपैस करता येतं.

पहिल्या खर्ड्यात मी ‘सेव्ह’साठी ‘जतन करा’, ‘फोल्डर’साठी ‘धारिका’, ‘टॅग’साठी ‘खूण’, ‘सायटेशन’साठी ‘उद्धरण’ आणि ‘ॲब्स्ट्रॅक्ट’साठी ‘सारांश’ असं लिहिलं. एका विद्यार्थिनीनं तो वाचून विचारलं, “मॅडम, जतन केला म्हणजे पीडीएफ माझ्या मोबाइलमध्ये आली ना?” आली नव्हती. तिचा गैरसमज माझ्या शब्दामुळे झाला की मुळात ‘सेव्ह’मुळेच, हे मला ठरवता येत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद: एका महाविद्यालयातले ग्रंथपाल

मॅडम, गैरसमज दोन्ही शब्दांमुळे होतो, पण ‘जतन’मुळे जास्त. आमच्या कामात ‘जतन’ हा वजनदार शब्द आहे. पोथ्यांचं जतन म्हणजे वाळवी, दमट हवा आणि आम्लयुक्त कागद यांच्यापासून पोथी वाचवणं. ते काम संस्थेचं. जेस्टोर १९९५ साली निघालं ते याच कामासाठी: नियतकालिकांच्या जुन्या अंकांनी ग्रंथालयांची कपाटं भरून वाहू लागली होती, तेव्हा ते अंक पानापानानं स्कॅन करून एका ठिकाणी टिकवायचे आणि सगळ्यांना वाचू द्यायचे. नावसुद्धा ‘जर्नल स्टोरेज’वरूनच आलंय. म्हणजे जतन जेस्टोर करतं. आपण वर्कस्पेसमध्ये करतो ते जतन नव्हे. आपण फक्त नोंद ठेवतो.

मी मुलांना तीन क्रियापदं वेगळी शिकवतो: नोंद ठेवणं, वाचणं आणि उतरवून घेणं. नोंद म्हणजे लेखकाचं नाव, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, अंक, पानं आणि दुवा. ती तुमच्या खात्यात राहते. वाचायला मिळणं ही पुढची पायरी, आणि पीडीएफ उतरवून घेणं ही त्याच्याही पुढची. जेस्टोरवर संस्थेचा आधार नसतानाही नुसत्या स्वतःच्या खात्यावर महिन्याला १०० लेखांपर्यंत ऑनलाइन वाचता येतात, पण ते उतरवून घेता येत नाहीत. वाचता येणं म्हणजे हातात असणं नव्हे, हे या एका नियमावरून मुलांना लगेच कळतं.

खातं तुमचं असतं, प्रवेश संस्थेचा असतो. पीएच. डी. संपून विद्यापीठाचा लॉगिन बंद झाला की यादी जशीच्या तशी दिसत राहते आणि निम्मे लेख उघडत नाहीत. म्हणून पत्रकात ‘लेखाची नोंद ठेवा’ आणि ‘पीडीएफ उतरवून घ्या’ अशी दोन स्वतंत्र वाक्यं हवीत. एकच ‘सेव्ह’ किंवा एकच ‘जतन’ लिहून दोन्ही भागवू नका.

प्रतिसाद: अनुवादक

ग्रंथपाल सरांशी सहमत. ‘उतरवून घेणं’ला माझा विशेष पाठिंबा. पोथी उतरवून घेणं, पत्ता उतरवून घेणं, फळ्यावरचं उतरवून घेणं, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणतोय. एका जागचा मजकूर आपल्या जागी आणायचा आणि मूळ तिथेच राहू द्यायचं, हा अर्थ त्यात आधीपासून आहे. ‘डाउनलोड’ काढून टाका असं मी म्हणत नाही. पडद्यावर बटणावर जो शब्द दिसतो तो पत्रकातही दिसलाच पाहिजे. पण समजावताना ‘उतरवून घ्या’ म्हणावं.

‘वर्गणी’ या शब्दाकडेही लक्ष वेधतो. हल्ली ‘सबस्क्रिप्शन’ला ‘सदस्यता’ लिहायची पद्धत पडलीय. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेच्या बातम्यांतही तोच शब्द दिसला. १ जानेवारी २०२५पासून ती योजना सुरू झाली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिकं. सरकारी उच्चशिक्षण संस्थांतल्या मुलांना याचा मोठा आधार झालाय. पण सदस्य झालो म्हणजे आपलं झालं, असं वाटतं. ‘वर्गणी’ म्हटलं की ती संपते हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. फरक एवढाच की छापील अंकांची वर्गणी थांबली तरी आलेले अंक कपाटात राहायचे. ऑनलाइन वर्गणी थांबली की बऱ्याचदा मागचे अंकही दिसेनासे होतात. पत्रकात हे एक वाक्य जरूर घाला.

प्रतिसाद: इतिहासाचा संशोधक विद्यार्थी

मॅडम, ‘धारिका’ नको. सरकारी कचेरीतली फाइल डोळ्यासमोर येते. आणि मुद्दा फक्त कानाला कसं लागतं याचा नाही.

पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवाईतल्या कागदांच्या पुण्यातल्या संग्रहात, काम केलेल्यांना माहीत आहे की मोडी कागद कापडी रुमालात बांधलेले असतात. संदर्भ देताना रुमालाचा क्रमांक द्यावा लागतो, कारण कागद एकाच रुमालात असतो, दुसऱ्यात असूच शकत नाही. संगणकावरचा फोल्डरही तसाच: पीडीएफ एका फोल्डरमध्ये, दुसऱ्यात हवी तर तिची प्रत करा. मग एका प्रतीवर टिपा, दुसरी कोरी. महिन्याभरानं कोणती खरी ते कळत नाही.

झोटेरोत ‘कलेक्शन’ म्हणतात ते असं नाही. मी १८७५च्या दख्खनच्या दंग्यांवर काम करतोय, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला मे महिन्यात सावकारांच्या वह्या आणि गहाणखतं जाळण्यापासून सुरू झालेलं प्रकरण. त्यावरचा एखादा लेख माझ्या ‘सावकारी’ कलेक्शनमध्ये असतो, ‘जमीनमहसूल’मध्ये असतो, आणि ‘प्रकरण तिसरे’मध्येही असतो. नोंद मात्र एकच. तिथे टीप लिहिली की तिन्ही ठिकाणी दिसते. ‘सावकारी’मधून तो काढला तरी बाकी दोन ठिकाणी राहतो. लेख कायमचा टाकायचा तर वेगळी आज्ञा द्यावी लागते, आणि तो आधी कचरापेटीत जातो. नवे विद्यार्थी ‘काढणे’ आणि ‘टाकून देणे’ यात घाबरतात. एका कलेक्शनमधून काढलं की लेख गेला असं समजून कुणी काही हलवतच नाही, आणि सगळं एका ढिगात पडून राहतं.

याला मला ‘संच’ हा शब्द सुचतो. नववीच्या गणितात आपण सगळेच संच शिकलोय. एक घटक एकाच वेळी दोन संचांत असू शकतो, दोन्हींत असलेले घटक म्हणजे छेद. ‘सावकारी’ आणि ‘प्रकरण तिसरे’ यांच्या छेदात कोणते लेख, हाच तर प्रश्न मला लिहायला बसल्यावर पडतो.

प्रतिसाद: अनुवादक

‘संच’ मान्य. मी ‘यादी’ सुचवणार होतो, पण यादीत क्रम असतो आणि इथे क्रमाला महत्त्व नाही. संगणकावरच्या खऱ्या फोल्डरला ‘कप्पा’ म्हणा. कप्प्यात वस्तू एकाच जागी असते.

प्रतिसाद: ग्रंथपाल

संच फार छान. माझी भर ‘खूण’बद्दल. टॅगला ‘खूण’ म्हणायला हरकत नाही, वाचनखूण आपल्याला ठाऊक आहेच. पण मुलं खुणा मनाला येतील तशा करतात, आणि काम बिघडतं ते तिथेच.

दख्खनच्या दंग्यांचंच घेऊ. इंग्रजी लेखांत गावाचं नाव कुठे सुपा, कुठे सुपे. शहराचं नाव जुन्या लेखांत ‘पूना’, नव्यांत ‘पुणे’. सावकाराला कुणी ‘मनीलेंडर’ लिहितं, कुणी ‘सावकार’, कुणी ‘वाणी’. लेख जसा दिसला तशी खूण केली तर एकाच गोष्टीच्या तीन खुणा होतात. मग ‘पुणे’वर टिचकी मारली की निम्मे लेख दिसतच नाहीत आणि ते आपल्याकडे नाहीतच असं वाटतं. ग्रंथालयात यासाठी विषयशीर्षकं ठरवून घेतात: एका गोष्टीला एकच नाव, बाकीची नावं त्याच्याकडे वळवलेली. विद्यार्थ्यानं एका कागदावर स्वतःच्या खुणांची यादी लिहून ती टेबलासमोर चिकटवावी. नवी खूण करण्याआधी त्या यादीकडे बघावं.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३च्या कोलन वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायच्या पद्धतीत, विषयाला एका खणात कोंबायच्या ऐवजी त्याचे पैलू वेगळे काढले, त्यात स्थळ आणि काळ हे दोन पैलू स्वतंत्र ठेवले. विद्यार्थ्यांना मी तेच सांगतो. प्रत्येक लेखाला एक खूण स्थळाची, एक काळाची, एक विषयाची. चौथी खूण हवी तर आपल्या कामाची: ‘वाचायचा’, ‘वाचला’, ‘खोडून काढायचा’. ही चौथी सगळ्यात उपयोगी, आणि कुणीच करत नाही.

प्रतिसाद: विचारणा करणारी

‘काळ’ म्हणजे लेख ज्या काळावर आहे तो, की लेख छापला तो? मुलं इथे हमखास गोंधळतील.

प्रतिसाद: ग्रंथपाल

लेख ज्या काळावर आहे तो. छापल्याचं वर्ष नोंदीत येतंच, त्याची खूण करायची गरज नाही.

प्रतिसाद: भाषाविज्ञानाच्या अभ्यासक

मॅडम, दोन शब्द बदला. ‘उद्धरण’ नको. उद्धृत करणं म्हणजे दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे देणं, आणि त्यासाठी ‘अवतरण’ही आहे, अवतरणचिन्हामुळे ते सगळ्यांना कळतं. सायटेशन म्हणजे आधार कुठून घेतला ते सांगणं, मग शब्द उचलले असोत वा नसोत. विद्यार्थी ‘उद्धरण द्या’ वाचून फक्त अवतरणापुढेच संदर्भ देतात आणि कल्पना उचलली तिथे देत नाहीत. वाङ्मयचौर्याच्या तक्रारी कितीतरी वेळा अशाच उभ्या राहतात. बोलताना सगळे ‘संदर्भ दिला का?’ असंच विचारतात. तेच लिहा. झोटेरोतून निघते ती ‘संदर्भनोंद’, आणि सगळ्या मिळून ‘संदर्भसूची’.

‘सारांश’च्या जागी ‘गोषवारा’ घ्या. सारांश वाचकही लिहितो, परीक्षेत मुलंही लिहितात. लेखाच्या डोक्यावर लेखकानं स्वतः दिलेला तो गोषवारा. जमाखर्चाच्या हिशेबातून आलेला फारसी शब्द, अख्ख्या वहीचा आकडा एका ओळीत आणणारा. झोटेरोत गोषवाऱ्याची चौकट वेगळी आणि आपल्या टिपांची वेगळी असते. दोन्हींना ‘सारांश’ म्हटलं की मुलं लेखकाचा गोषवारा आपल्या टिपांत चिकटवतात आणि पुढे ते वाक्य कुणाचं होतं हे त्यांनाच आठवत नाही. आपल्या हातानं लिहिलेलं ते ‘टिपण’. टिपणाच्या सुरुवातीला पान क्रमांक हवाच.

प्रतिसाद: विद्यार्थी

दुव्याबद्दल एक. महाविद्यालयाच्या लॉगिनमधून गेल्यावर पत्त्याच्या पट्टीत जो दुवा दिसतो, त्यात बऱ्याचदा संस्थेच्या प्रॉक्सीचं, म्हणजे आपल्याला संस्थेमार्फत आत नेणाऱ्या मधल्या सर्व्हरचं, नाव मिसळलेलं असतं. तो नोंदीत ठेवला तर दुसऱ्या कुणाला उघडत नाही आणि लॉगिन गेल्यावर आपल्यालाही नाही. लेखाच्या पानावर ‘स्टेबल’ म्हणून दिलेला दुवा घ्यावा, किंवा ‘१०.’नं सुरू होणारा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक. पत्रकात ‘स्थिर दुवा’ लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद: अनुवादक

चालेल, कळतो. डीओआयला ‘डीओआय’च राहू द्या.

प्रतिसाद: विचारणा करणारी

खर्डा बदलला. ‘नोंद’, ‘उतरवून घेणं’, ‘वर्गणी’, ‘संच’, ‘कप्पा’, ‘संदर्भ’, ‘गोषवारा’, ‘टिपण’, सगळे घेतले. पण आमच्या मुलांचे निम्मे लेख जेस्टोरवर नाहीतच. भांडारकर संस्थेच्या ‘ॲनल्स’ या नियतकालिकाचे अंक तिथे मिळतात, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या जुन्या अंकांची नोंद मात्र हातानं करावी लागते. तिथे ‘व्हॉल्यूम’च्या चौकटीत काय भरायचं? अंकावर ‘वर्ष’ आणि ‘अंक’ छापलेलं असतं, आणि साल शके.

प्रतिसाद: ग्रंथपाल

मराठी नियतकालिकांत ‘वर्ष १२ वे, अंक ३ रा’ असं छापतात, त्यातलं ‘वर्ष’ म्हणजेच व्हॉल्यूम. ‘खंड’ आपण ग्रंथाला म्हणतो. मुलं ‘वर्ष १२’ बघून ते तारखेच्या चौकटीत टाकतात आणि संदर्भसूचीत लेख इसवी सनाच्या बाराव्या वर्षातला होतो. पत्रकात चौकटीचं नाव ‘वर्ष (व्हॉल्यूम)’ असं द्या आणि तारखेच्या चौकटीला ‘साल’ म्हणा, म्हणजे दोन्हींत घोळ होणार नाही.

शक सालात ७८ मिळवा, पण अंक पौषाच्या आसपासचा किंवा नंतरचा असेल तर ७९, कारण शक वर्ष पाडव्याला सुरू होतं आणि त्याचे शेवटचे महिने पुढच्या इसवी सनात जातात. मंडळाची स्थापना १९१०ची, म्हणजे शके १८३२, आणि त्याच शके १८३२चा फाल्गुन १९११मध्ये येतो. महिना छापलेला नसेल तर साल ‘१९१०-११’ असं जोडून लिहा. तारखेच्या चौकटीत इसवी सनच भरा, नाहीतर सॉफ्टवेअर १८३२ हेच इसवी सन समजून लेख अठ्ठ्याहत्तर वर्षं मागे नेऊन लावेल. छापलेलं शके खाली ‘एक्स्ट्रा’ नावाच्या चौकटीत जसंच्या तसं लिहून ठेवा. ज्याला मूळ अंक कपाटातून काढायचा आहे, तो शकेच विचारणार.