शब्दचर्चा: 'रोगप्रतिकारक' की 'रोगसहनशील'?

देवगड: रोपवाटिकेच्या माहितीपत्रकासाठी विचारतो. जनुक घालून बुरशीपासून वाचवलेल्या फळझाडाला 'रोगप्रतिकारक' म्हणायचं की 'रोगसहनशील'? दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात.

दापोली: तसं करू नये, फवारणी करायची की नाही ते यावरच ठरतं. प्रतिकारक झाडात बुरशीला थारा मिळत नाही. सहनशील झाडाला बुरशी लागते, पण झाड तग धरतं. ऑस्ट्रेलियातल्या क्यूसीएव्ही-४ केळीत रानकेळीचं आरजीए२ हे जनुक घातलंय. २०२४ मध्ये तिथे लागवडीची परवानगी मिळाली. पनामा मर रोगाची बुरशी मुळांतून शिरून पाण्याच्या वाहिन्या बंद करते, तिथवर फवारा पोचत नाही, म्हणून ही वाट धरली. ही केळ प्रतिकारक. अमेरिकन चेस्टनटमध्ये गव्हाचं जनुक घातलं, ते बुरशीने सोडलेलं ऑक्झॅलिक आम्ल मोडतं. बुरशी मरत नाही, सालीवर राहते. ते झाड सहनशील.

वेंगुर्ला: शिवाय रोगाचं नाव हवंच. करप्याला दाद न देणारा आंबा भुरीने मोहोर गमावू शकतो. भुरी हीदेखील बुरशीच, पण मोहोरावर पांढरी पूड दिसते. करप्याचे डाग काळे. भुरीला पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, १० लिटर पाण्याला २० ग्रॅम. करप्याला १ टक्का बोर्डो मिश्रण: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, पाणी १०० लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांत कालवा, मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता. लोखंडी सुरी बुडवून तांबूस थर चढला तर चुना वाढवा, नाहीतर पालवी करपते. मिश्रण त्याच दिवशी संपवा. नुसतं 'रोगप्रतिकारक' वाचून कुणी हे सगळं बंद केलं तर हंगाम जाईल.

देवगड: 'जनुकपालट कलम' चालेल?

दापोली: अपुरं आहे. खुंट (कलमाचा खालचा, मुळांचा भाग) बदललाय की डोळकाडी (त्यावर बांधलेली फांदी)? खुंटातल्या बदलाचा उपयोग मुळांच्या रोगांना. पालवी, मोहोर, फळ डोळकाडीचं, म्हणून करप्यासाठी बदल तिच्यात लागतो.

वेंगुर्ला: आणि रत्ना आंब्याला जनुकपालट म्हणू नका. नीलम आणि हापूस यांचा तो परागसंकर, म्हणजे 'संकरित'. पत्रकात 'करपा-सहनशील, डोळकाडी जनुकपालट' असं सरळ लिहा, खाली फवारणीचं वेळापत्रक द्या.