मदत हवी आहे: टीवाय १७५ तापली की रेस खालीच येत नाही

धुकेरी

नमस्कार मंडळी,

गाडी: यामाहा टीवाय १७५, साल १९७५. टू-स्ट्रोक, १७१ सीसी, सहा व्होल्ट, पॉइंटवाली.
मुक्काम: यॉर्कशायर.

जरा सविस्तर लिहिते. मागच्या धाग्यात "ताई, आधी लक्षणं नीट सांगा" म्हणून बोलणी खाल्ली आहेत.

थंड असताना दुसऱ्या-तिसऱ्या किकला चालू होते. चोक काढल्यावर पाचेक मिनिटं अगदी शहाण्यासारखी चालते. दोन-तीन चढ चढून आले की मात्र मूठ सोडली तरी रेस वरच टांगलेली राहते. कधी चार-पाच सेकंदांनी उतरते, कधी उतरतच नाही. उतरलीच तर एकदम इतकी खाली येते की गाडी बंद. बंद पडल्यावर पुन्हा एका किकला चालू होते, हेही लिहून ठेवते. गेल्या रविवारी ओढ्यातल्या दगडावर पुढचं चाक टेकवताना मूठ सोडली आणि हिने उलट पुढे ढकललं. मी ओढ्यात बसले. शब्दशः बसले.

आतापर्यंत केलेलं: मिकुनी कार्बोरेटर तीनदा उघडून साफ केला. पायलट जेट नवा, मुठीची केबल नवी, प्लग नवा. पॉइंटचा गॅप ०.३५ मिमी. एअर फिल्टरचा फोम धुऊन तेल लावून बसवला. प्लग काढून बघितला तर पांढुरका दिसतो. आधीच्या मालकाने ऑटोल्यूबचा (वेगळ्या टाकीतलं ऑइल आपोआप इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेचा) ऑइल पंप काढून टाकलेला आहे, त्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालते, ५ लिटरला १०० मिली. जवळच्या एका गॅरेजवाल्याने गाडी आठवडाभर ठेवून घेतली आणि "जुन्या गाड्या अशाच असतात" हे निदान बिलासकट हातात दिलं.

सांगलीला अण्णांना व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकवला. अर्ध्या मिनिटात म्हणाले, "मॅग्नेटकडचं ऑइल सील बघ." मी म्हटलं, अण्णा, ही तुमची चेतक नाही. त्यावर त्यांनी फोन आईकडे दिला.

प्रश्न दोन. इंजिन न उघडता सील गेलंय की नाही हे कळायला काही चाचणी आहे का? आणि गेलंच असेल तर अख्खी केस फोडावी लागेल का? केस फोडायची माझी हिंमत नाही, आणि जागा म्हणजे बागेतली एक शेड.

खादाडखाऊ

मदत शून्य, कुतूहल भरपूर. ओढ्यात गाडी घालायचीच कशाला? आणि ही कसली मोटरसायकल, फोटोत सीटच दिसत नाही!

धुकेरी

@खादाडखाऊ, ट्रायल्स नावाचा खेळ आहे. वेगाशी काही संबंध नाही. दगड, चिखल, ओढे, झाडांची मुळं यांतून आखलेल्या छोट्या टप्प्यातून पाय न टेकता गाडी न्यायची. एकदा पाय टेकला तर १ मार्क, दोनदा २, त्याहून जास्त कितीही वेळा ३, आणि थांबलात किंवा पडलात तर ५. ज्याचे मार्क सगळ्यात कमी तो जिंकला. सगळा वेळ उभ्यानेच चालवायची, म्हणून सीट नावापुरती. मागच्या टायरमध्ये हवा जेमतेम ४ पीएसआय, म्हणजे दगडावर टायर पोळीसारखा पसरतो.

अशा जुन्या गाड्यांना ट्विनशॉक म्हणतात, कारण मागे दोन बाजूंना दोन शॉकअप. १९८० च्या दशकात मधोमध एक शॉकअप असलेल्या गाड्या आल्या आणि ही पिढी मागे पडली. आता इथे त्यांचा वेगळा वर्ग असतो: एअरकूल इंजिन, ड्रम ब्रेक, दोन शॉकअप. माझ्या गाडीच्या घराण्याला मिक अँड्र्यूज या ब्रिटिश ट्रायल्सपटूचा हात लागलेला आहे. स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल तो आधी ओसा या स्पॅनिश गाडीवर तीनदा जिंकला आणि मग १९७४ आणि १९७५ मध्ये यामाहावर. माझ्या हातात आल्यावर घराण्याचं नाव थोडं खाली गेलंय.

कोथरूडी_इंजिनिअर

माझं मत कंडेन्सर. पॉइंटवाल्या गाड्यांत गरम झाल्यावर होणाऱ्या आजाराचा पहिला संशयित तोच. पन्नास वर्षांपूर्वीचा कंडेन्सर तापला की हात वर करतो. बदलून टाका, स्वस्तातलं काम आहे.

मिरजेचा_पाना

कोथरूडी साहेब, लक्षणं परत वाचा. कंडेन्सर गेला की गाडी गरम झाल्यावर मिसफायर करते, पॉइंटवर निळी ठिणगी तडतडते, आणि एकदा बंद पडली की थंड होईपर्यंत किक मारून मारून पोटऱ्या भरतात. इथे उलट आहे. रेस *वाढते*, आणि बंद पडल्यावर एका किकला चालू होते. करंट ठीक आहे. गाडी कुठून तरी चोरून हवा खेचतेय.

ताई, अण्णांना माझा नमस्कार सांगा. ते बरोबर बोलले. टू-स्ट्रोकचं क्रँककेस म्हणजे पंप. पिस्टन वर गेला की ते पेट्रोल-हवा आत ओढतं, खाली आला की वर ढकलतं. क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात. मॅग्नेटकडचं सील कडक झालं की तिकडून कोरडी हवा आत शिरते. मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. रेस टांगते, प्लग पांढरा पडतो आणि असंच चालवत राहिलात तर एक दिवस पिस्टन धरतो. क्लचकडचं सील गेलं तर गोष्ट वेगळी: गिअर ऑइल आत ओढलं जातं, सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट आणि गिअर ऑइलची पातळी आपोआप कमी. चेतक असो, येझदी असो की तुमची ही डोंगरी शेळी, हा हिशेब तोच. आम्ही स्कूटरचे असे सील किती बदलले त्याचा हिशेब नाही. गिऱ्हाईक यायचं तेच मुळी "स्कूटर आपोआप पळते" म्हणत.

एक सोपी चाचणी. रेस टांगली की चोक अर्धा ओढा. रेस खाली आली तर मिश्रण पातळ आहे, हवा खेचतेय हे नक्की. काहीच फरक पडला नाही तर कार्बोरेटरमधली स्लाइड (मुठीने वर-खाली होणारी) अडकतेय का बघा.

धुकेरी

@मिरजेचा_पाना, आत्ताच शेडमध्ये जाऊन आले. चोक अर्धा ओढला आणि रेस लगेच उतरली! गिअर ऑइलची पातळी जिथल्या तिथे, धूरही नेहमीइतकाच.

अण्णांना अजून सांगितलेलं नाही.

कोटावाला

उशिरा आलो, पण आलो. मी वेल्समध्ये आहे आणि माझ्याकडे मॉन्टेसा कोटा २४७ ही तशीच जुनी ट्रायल्स गाडी आहे, म्हणजे दुःख मलाही ठाऊक आहे.

सील काढण्याआधी हवेची प्रेशर टेस्ट करा. नाहीतर सील बदलून झाल्यावर कळेल की गळती भलतीकडेच होती. सायलेन्सरचा बेंड पाइप काढा आणि सिलिंडरचं एक्झॉस्टचं तोंड बंद करा, सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि वर पत्रा पुरतो. कार्बोरेटर काढून इनटेकच्या रबरात घट्ट बसेल असा बूच ठोका. पिस्टन अगदी खाली आणा. प्लगच्या भोकातून हातपंपाने ६ पीएसआय हवा भरा. त्याहून जास्त नको, जास्त हवेने चांगलं सीलही उलटतं. काटा पाच-सहा मिनिटं जवळपास तिथेच राहिला पाहिजे. मिनिटाला १ पीएसआयहून जास्त उतरत असेल तर गळती आहे. मग साबणाचं पाणी ब्रशने लावत फिरा: हेड, सिलिंडरच्या बुडाचं गॅस्केट, इनटेकचं रबर, मॅग्नेटच्या मागे सील. गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून हवा येत असेल तर क्लचकडचं सील.

गळती शोधायला चालू गाडीवर कार्ब क्लीनर फवारून बघा असं कोणी सांगेल. तापलेल्या बेंड पाइपजवळ ते करू नका. माझ्या एका भुवईचा इतिहास आहे.

आणि ऑटोल्यूब काढलंय म्हणालात, तर त्याच्या ऑइलच्या नळीचं कार्बोरेटर-इनटेकच्या बाजूचं तोंड कशाने बंद केलंय ते आधी बघा. लोक तिथे एक रबरी टोपी लावून विसरतात.

जाता जाता पेट्रोलबद्दल. इथे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० झालं, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या रबराला ते मानवत नाही. तुमची टाकी पत्र्याची आहे, तुम्ही सुटलात. माझ्या कोटाची टाकी आणि सीट एकसंध फायबरग्लासची. इथेनॉलने आतला राळेचा थर विरघळून कार्बोरेटरमध्ये काकवीसारखा चिकट गाळ जमला होता. टाकी पूर्ण वाळवून आतून इथेनॉल सोसणारा लेप दिला, आणि आता सुपर पेट्रोलच घालतो, त्यात ५ टक्क्यांहून जास्त नसतं. शेडमध्ये ठेवताना टाकी रिकामी. ओसा मार किंवा जुनी फायबरग्लास टाकीची बुल्टाको घ्यायचा विचार करणाऱ्यांनी पहिल्यांदा टाकीत टॉर्च मारून बघावं, इंजिन नंतर.

धुकेरी

अपडेट. दोन दिवस टेस्टचं सामान जमवण्यात गेले. इनटेकला वाइनच्या बाटलीचं बूच कापून बसवलं (बाटली रिकामी करणं हा कामाचाच भाग होता).

६ पीएसआय भरली, अर्ध्या मिनिटात शून्य! साबणाचं पाणी लावायचीही गरज नव्हती, फुसफुस ऐकूच येत होती. कोटावाल्यांनी सांगितलेली तीच रबरी टोपी. हात लावल्यावर बिस्किटासारखी तुटली. नवी टोपी बसवून क्लिप मारली, पुन्हा हवा भरली. आता सहा मिनिटांऐवजी दोन मिनिटांत उतरते. म्हणजे सुधारणा आहे, पण अजून एक चोर आहे. मॅग्नेटच्या मागे बारीक बुडबुडे.

अण्णांना सांगितलं. "टोपीचं मला कसं कळणार," म्हणाले. सीलबद्दल काही बोलले नाहीत, नुसते हसले.

आता सील काढायचं कसं?

मिरजेचा_पाना

मॅग्नेट काढायला त्याच्याच आट्याचा पुलर घ्या, हातोड्याने ठोकून काढायला जाल तर क्रँक वाकेल. मागची कॉइलची प्लेट काढायच्या आधी तिच्यावर आणि केसवर एक रेघ मारून फोटो काढा. पार्टबुकातलं चित्र बघा. सील बाहेरच्या बाजूने बसवलेलं असेल तर केस फोडायची गरज नाही.

सील उचकटायला स्क्रू-ड्रायव्हर घालू नका. क्रँकवर एक ओरखडा आला की नवं सीलही तिथूनच गळणार. सीलच्या पत्र्यात अगदी बारीक भोक पाडायचं, ड्रिल आत जाऊ द्यायचं नाही, मागे बेअरिंग आहे. त्यात छोटा स्क्रू फिरवायचा आणि पक्कडीने ओढायचा. कीस आत पडू नये म्हणून ड्रिलच्या टोकाला ग्रीस. नवं सील व्हिटॉनचं (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं) मिळालं तर तेच घ्या, तुमच्याकडच्या पेट्रोलात टिकेल. बसवताना ओठाला ग्रीस लावा, आणि क्रँकच्या टोकावर कोल्ड्रिंकच्या बाटलीचा पातळ प्लास्टिकचा तुकडा गुंडाळा, नाहीतर हाफमून चावीच्या (मॅग्नेट क्रँकवर नेमक्या जागी बसवणाऱ्या अर्धगोल तुकड्याच्या) खाचेने ओठ कापला जातो. सील सरळ बसलं पाहिजे, योग्य मापाचा सॉकेट ठेवून हळूहळू ठोका.

धुकेरी

सील बदललं. जुनं सील लाकडासारखं कडक झालं होतं. टेस्ट केली: सहा मिनिटांत काटा जेमतेम हलला. शेडमध्ये एकटीच नाचले.

पण गाडी चालू होईना. वीस किका. मग फटाक्यासारखा आवाज आणि किकने उलटा असा फटका मारला की पाय सुजला. आता काय केलं मी?

मिरजेचा_पाना

मॅग्नेट परत काढा. हाफमून चावी खाचेत नसणार. मॅग्नेट सरकवताना चावी मागे ढकलली जाते, किंवा चुंबकाला चिकटून निघून येते, आणि आपल्याला वाटतं सगळं बसलं. चावी कापली गेली असेल तर नवी घाला. तयार पोलादी चावीच हवी, घरी खिळा कापून बनवू नका. मॅग्नेट आणि क्रँकचा उतार पेट्रोलने पुसून कोरडा करा. पकड त्या उताराची असते, चावी फक्त जागा दाखवते. नट पुस्तकातल्या टॉर्कने आवळा.

मग ठिणगीचं टायमिंग तपासा. प्लगच्या भोकात डायल गेज, पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद. पिस्टन तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातल्या आकड्याइतका वरच्या टोकाआधी आला की कागद सुटला पाहिजे.

कोटावाला

पायाला बर्फ लावा. सगळ्यांचं होतं हे, फक्त कोणी लिहीत नाही.

धुकेरी

चावी मॅग्नेटच्या आत चिकटलेली सापडली, साबूत. इथे सिगारेटचं पाकीट कुठून आणणार, म्हणून चहाच्या पिशवीचा कागद वापरला, चालला. दुसऱ्या किकला चालू. तासभर मागच्या टेकडीवर तापवली, मूठ सोडली की रेस मुकाट खाली. प्लग आता छान चॉकलेटी.

रविवारी ट्रायल झाली. दहा टप्पे, चार फेऱ्या, एकूण ४१ मार्क. यातला एकही गाडीमुळे नाही, हे दुःखाने नमूद करते. त्याच ओढ्यात त्याच दगडावर पुन्हा पाच. अण्णांना व्हिडिओ पाठवला तर त्यांचा एकच प्रश्न, "मागचे शॉकअप उड्या का मारतायत?"

खरंच मारतायत. त्यासाठी वेगळा धागा काढते. या धाग्याला 'सुटले' लावते आहे.