पाठांतराबद्दल

मराठी माध्यमातल्या पोरांनी आयेल्ट्सच्या (परदेशी जाण्यासाठी देतात त्या इंग्रजीच्या परीक्षेच्या) स्पीकिंगची, म्हणजे तोंडी भागाची, उत्तरं घोकून जावीत, असा सल्ला काहीजण देतात, तो काही पटत नाही. घोकलेलं परीक्षकाला लगेच कळतं. माझी लातूरची भाची क्लासने दिलेली ताजमहालाची सहल पाठ करून गेली होती. बोलायच्या विषयाचं कार्ड आलं लहानपणीच्या आठवणीचं. तयारीला मिळतो एकच मिनिट, सोबत कागद-पेन्सिल. तिने कागदावर फक्त 'घागर' लिहिलं (तेही मराठीत!) आणि २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तेव्हाचं, आजीसोबत टँकरच्या रांगेत उभं राहिल्याचं सांगत सुटली. दोन मिनिटं झाली म्हणून शेवटी थांबवावं लागलं. स्पीकिंगला ९ पैकी ७ बँड (गुण).

आणि उच्चारांचा एवढा धसका कशाला? ओघ, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार या चारींना सारखंच वजन असतं, आणि उच्चारात बोलणं समजतंय का ते बघतात. आपला मराठवाडी हेल चालतो. भाचीचा लिसनिंगमध्ये (ऐकून उत्तरं लिहायच्या भागात) मात्र स्पेलिंगने घात केला. तिथं स्पेलिंग चुकलं की उत्तरच चूक, त्यामुळे पाठ करायचंच असेल तर ते करा.