ह्यूगो वीव्हिंग : एजंट स्मिथच्या पलीकडचं काय पाहू?

निशाचर :
'मॅट्रिक्स'मधला एजंट स्मिथ आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्स'मधला एलरॉन्ड, ह्यूगो वीव्हिंगची माझी ओळख एवढीच. परवा 'व्ही फॉर व्हेंडेटा' पुन्हा पाहिला. अख्खा सिनेमाभर तोंडावर मुखवटा, आणि तरी माणूस उभा राहतो तो नुसत्या आवाजावर! तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. त्याचे ऑस्ट्रेलियन सिनेमे पाहायचे आहेत. कुठून सुरुवात करू? संथ सिनेमांचं वावडं नाही.

रातराणी :
डोळे झाकून 'प्रूफ' (१९९१). जोसलिन मूरहाऊस दिग्दर्शक. यात तो जन्मांध आहे आणि फोटो काढतो. मग दुसऱ्याला त्या फोटोंचं वर्णन करायला लावतो. लहानपणी आई खिडकीबाहेरची बाग वर्णन करून सांगायची, ती खरं सांगत होती की खोटं, हा संशय त्याच्या मनातून गेलेलाच नाही. वीव्हिंग इथे सहानुभूती मागतच नाही. त्याने केलेला मार्टिन हट्टी आहे, घरकाम करणाऱ्या बाईशी तर दुष्टपणे वागतो, आणि तरी आपला जीव त्याच्यात अडकतो. सोबत अगदी तरुण रसेल क्रो आहे.

त्यानंतर 'द इंटरव्ह्यू' (१९९८). पहाटे पोलीस घरात घुसून एका माणसाला उचलतात, पुढचा बहुतेक सिनेमा चौकशीच्या खोलीत. आधी काहीही वाचू नका, मी शेवट सांगणार नाही. 'प्रूफ', 'द इंटरव्ह्यू' आणि 'लिटल फिश' (२००५), या तिन्हींसाठी त्याला ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

बसस्टॉप :
'प्रिसिला' (१९९४) राहिला की! सिडनीहून ॲलिस स्प्रिंग्सला बसने निघालेले तिघे ड्रॅग कलाकार, म्हणजे भडक स्त्रीवेशात नाच-गाणी सादर करणारे. झगमगाट बघून हलकाफुलका समजू नका. आपल्या मुलासमोर जायला घाबरलेला बाप त्याने फार हळुवार केलाय.

सिडनीकर :
वरच्या सगळ्याला अनुमोदन, पण हा माणूस खरा कळतो तो रंगमंचावर. १९८१ साली 'नायडा' या नाट्यशाळेतून बाहेर पडला, आणि हॉलीवूडमध्ये नाव झाल्यावरही सिडनी थिएटर कंपनीकडे परत परत येत राहिला. केट ब्लँचेटसोबत 'अंकल वान्या', रिचर्ड रॉक्सबर्गसोबत 'वेटिंग फॉर गोदो'. २०१४ चा 'मॅकबेथ' मी पाहिला. आम्हा प्रेक्षकांना रंगमंचावर बसवलं होतं आणि समोर शेकडो रिकाम्या खुर्च्यांचं प्रेक्षागृह! एरवी आपण बसतो तिथे मॅकबेथ वावरत होता. इतक्या जवळून ऐकल्यावर कळलं, तो आवाज चढवून भीती घालत नाही, शब्द सावकाश सोडतो. एजंट स्मिथचं 'मिस्टर अँडरसन' आठवा. तीच सवय.

२०१८ च्या 'आर्तुरो उई' या नाटकात कॅमेरा रंगमंचावरच होता, त्याचा चेहरा मोठ्या पडद्यावर थेट दिसायचा. नाटक आणि सिनेमा दोन्ही एकदम पाहिल्यासारखं.

रातराणी :
सिडनीकर, हेवा वाटला!

निशाचर :
काल रात्री 'प्रूफ' पाहिला. शेवटी त्या बागेच्या फोटोचं वर्णन येतं तिथे रडू आलं. मार्टिनचा चेहरा जवळजवळ हलतच नाही, पण मान किंचित कलते, जणू तो कानांनी बघतोय. आज 'द इंटरव्ह्यू'. 'लिटल फिश' एकट्याने पाहावा की घरच्यांसोबत चालेल?

रातराणी :
एकट्याने. हेरॉइनच्या व्यसनात बुडालेला माजी रग्बीपटू आहे तो त्यात, मुलांसमोर नको.