तान्ह्या पोळ्यासाठी पंजाच्या ठशाचे बैल, कोणी केलेत का?

खडूवाली
नमस्कार मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यात एका छोट्या गावच्या झेडपी शाळेवर आहे, पहिली-दुसरी मिळून 19 लेकरं, आणि तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या लेकरांच्या पोळ्यासाठी, पोळ्याच्या आधीच्या आनंददायी शनिवारी (शाळेतला खेळ-कलेचा शनिवार) त्यांच्याकडून पंजाच्या ठशाचे बैल करून घ्यायचं डोक्यात आहे. पण भीती वाटते कारण मागच्या वर्षी मोराचा पार बट्ट्याबोळ झाला होता. पोस्टर कलर ताटलीत ओतला, म्हटलं बुडवा हात, तर कागदावर मोर कुठला, नुसता निळा गोळा, बोटं दिसेचनात. एकानं तोच हात शर्टाला पुसला, दुसऱ्या दिवशी त्याची आजी शर्ट घेऊन शाळेत हजर. त्यात लाइन नव्हती म्हणून बोअर बंद, पाणी म्हणजे एक बादली. स्वस्तातला रंग कोणता आणि हात धुवायचं कसं सांभाळता? आणि हो, बैल पंजातून निघतो तरी का?

अंगणवाडीताई
ताई हात बुडवायचाच नाही, तिथंच चुकलं. रंग दाट ठेवायचा आणि जुन्या गादीच्या स्पंजचा तुकडा घेऊन तळव्याला नि बोटांना थोपटून लावायचा, पातळ थर. बोटं फाकवून हात ठेवायचा, आपण वरून एकेक बोट दाबायचं आणि हात सरळ वर उचलायचा, सरकवला की झाला गोळा. कागदाखाली जुन्या पेपरची घडी ठेवा म्हणजे तळव्याचा खळगा पण उमटतो. रंगासाठी मी मैद्याची खळ शिजवते, एक वाटी मैद्याला तीन वाट्या पाणी, थंड झाली की त्यात गेरू नाहीतर हळद. त्याच दिवशी संपवायची, दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारते.
धुण्याचं म्हणाल तर आधी जुन्या लुगड्याच्या ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं, मग मगभर पाणी पुरतं. एका वेळी चारच लेकरं घ्या, बाकीचे बाहेर खेळू द्या. आणि एखादं लेकरू हाताला रंग लावूच देत नाही, माझ्याकडे दरवर्षी एक तरी असतंच. त्याला जबरदस्ती नको. आपण गोकुळाष्टमीला पिठाच्या पाण्यात मूठ बुडवून बाळकृष्णाची पावलं काढतो ना, तशी मुठीची कड टेकवायला लावते, वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके. बहुतेक वेळा दोन पावलं झाली की स्वतःच पंजा पुढं करतं.

वऱ्हाडी गडी
मॅडम बैल निघते, काऊन नाई निघत! पंजा सरळ उमटवू द्या न् मंग कागद उलटा फिरवजा. चार बोटं म्हंजे चार पाय, तळवा म्हंजे धड, अंगठा म्हंजे मान न् तोंड. अंगठ्याच्या बाजूनं पाठीवर एक अंगठ्याचा ठसा मारला का वशिंड तयार, शिंगं काळ्या स्केचपेननं.
पण एक ध्यानात ठेवजा. लेकरानं दोन्ही हात बाजूबाजूले ठेवले त कागद फिरवल्यावर दोन्ही बैल समोरासमोर, लढाले उभे! जोडी पाहिजे असन त एकाच हाताचे दोन ठसे घ्या म्हंजे दोघायचं तोंड एकीकडे. माह्या पोरानं घरी केलं त माह्या बाबानं पाहून म्हटलं, ही जोडी वखराले नाई जुपाची, झुंजीले सोडाची.

निवृत्त गुरुजी
थोडं कडू बोलतो. बऱ्याच शाळांत लेकरू फक्त हात देतं, बाकी डोळे, शिंगं, झूल सगळं मॅडमच करतात, मग 19 चे 19 बैल एकसारखे आणि फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर. मीही केलंय हे, साहेब येणार म्हटल्यावर. आता वाटतं शिंगं तिरपी आली तर येऊ द्यावीत.

अंगणवाडीताई
गुरुजींचं पटलं, पण फोटो वरूनच मागतात हो, आम्ही तरी काय करणार.
एक राहिलंच. हळदीत चुना घालून लाल करायचं कोणी सांगेल, ते लेकरांच्या हाताला नको, चुन्यानं आग होते. आणि हळदीचा हात साबणानं धुतला की लालभडक होतो, आधीच सांगून ठेवा. आमच्याकडे एक लेकरू साबण लावल्याबरोबर रक्त रक्त म्हणून ओरडत घरी पळालं, आई हातातला विळा तसाच घेऊन आली. मी तिच्यासमोर साबण धुऊन टाकला, हात परत पिवळा. मग काय, सगळ्यांनाच साबण पाहिजे.

खडूवाली
झाले एकदाचे बैल! गेरूची खळ मस्त जमली, पाणी दीड बादली लागलं. गुरुजींचं ऐकून शिंगं त्यांनाच काढू दिली. एकीनं चार शिंगं काढली, विचारलं तर म्हणे दोन याची आणि दोन मागं उभा आहे त्याची. खांदशेकणीला, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, घरी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावताना पाहिलेलं म्हणून एकानं वशिंडापाशी पिवळं बोट फिरवलं, मी काहीच सांगितलं नव्हतं. आजीबाई या वेळी पण आल्या होत्या, शर्ट बघायला. शर्ट स्वच्छ होता, मग भिंतीवरचे बैल बघत बसल्या आणि नातवाचा कोणता ते मला न विचारताच ओळखला.